गळ्यातली रिकामी डबी

सात वर्षं माझ्या गळ्यात चांदीची एक डबी होती आणि तिच्यात काहीच नव्हतं. हे माझ्या नवऱ्याला सोडून कुणाला माहीत नव्हतं. त्यालाही मी सांगितलं तेव्हा तो भेंडी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "डबी हाय ना गळ्यात? मग झालं. आत कोण बघतंय?" मला त्याचा राग आला, पण पुढची सात वर्षं मी वागले मात्र अगदी त्याच्याच म्हणण्याप्रमाणे.

आम्ही लातूरचे लिंगायत. आमच्यात मूल जन्माला आलं की थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. सुपारीएवढं, काळंभोर, चांदीच्या डबीत ठेवलेलं. ते आयुष्यभर अंगावेगळं करायचं नसतं. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, त्याच्याकडे टक लावून बसायचं, आणि मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेला तरी ते त्याच्यासोबतच जातं, कारण आम्ही माणसाला जाळत नाही, बसवून पुरतो. माझ्या आईला असंच बसवलं, तिचं लिंग तिच्या हातात देऊन. तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, रडले नाहीत. नुसतं म्हणाले, "एकटी न्हाई गेली ती."

अप्पांचं गंजगोलाईच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. लग्नसराईत तिथे पाय ठेवायला जागा नसे. अप्पा स्वतः भांड्यांवर नावं घालायचे. कुणाचा हंडा, कुणाची परात, कुणी कुणाला कशाप्रीत्यर्थ दिली, हे ते मशीनच्या सुईने कोरत बसायचे आणि मी शाळेतून येऊन ते बघत बसायचे. त्यांच्या अक्षराला लातुरात मान होता. मी एकुलती एक. मला त्यांनी कशाला नाही म्हटल्याचं आठवत नाही. एवढंच, की पूजेआधी खाल्लेलं त्यांना चालत नसे.

लग्नानंतर मी नांदेडला आले. एका शाळेत गणित शिकवते. माझा स्वभाव तापट आहे हे माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं. एका दिवाळीच्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी माझ्यावर काम टाकलं की शाळेच्या ग्रंथालयातली वाळवी लागलेली पुस्तकं बाजूला काढून त्यांची यादी करायची. सगळे गावाला गेले आणि मी धुळीत शिंकत बसले. रागाच्या भरात मी पुस्तकं अशी आपटत होते की त्यातलं एक दोन तुकडे होऊन पडलं. उचललं तर ते एका परदेशी तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचं मराठी भाषांतर होतं. पहिली काही पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे लेखकाचं नाव मला पुढे वर्षभर कळलं नाही, आणि कळल्यावर त्याचा उच्चार जमला नाही. अजूनही जमत नाही.

भाषांतर जड होतं. एकेक वाक्य भरल्या हंड्यासारखं, उचलायचं तर दोन्ही हात लावायला लागायचे. पण मी ते तिथेच फरशीवर बसून वाचायला लागले, कारण पहिल्याच धड पानावर तो माझी भाषा बोलत होता. मी वर्गात रोज ओरडते, "नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य मिळेल. पायऱ्या दाखवा." हा माणूस तेच म्हणत होता, पण गणिताबद्दल नाही. त्याचं म्हणणं असं, की माणूस ज्याला आपला विश्वास म्हणतो त्यातलं बरंचसं त्याने कधी तपासलेलंच नसतं. कुणी तरी सांगितलं, सगळे करतात, म्हणून तो करतो. याला विश्वास म्हणू नये, ही सवय आहे.

मी पुस्तक घरी आणलं. यादीत त्याची नोंद "नष्ट" अशी केली, एवढी एक चोरी माझ्या नावावर आहे. महिनाभर वाचलं. लाल पेनाने खुणा केल्या, जशा वह्यांवर करते तशा. आणि एके दिवशी सकाळी लिंग तळहातावर घेऊन बसले असताना मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी काय मानते? का मानते? माझ्याकडे एकही पायरी नव्हती. अप्पांच्या वहीतलं उत्तर मी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. असं करणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करते.

दुसऱ्या दिवशी पूजा न करता मी पोहे खाल्ले. आभाळ कोसळलं नाही. पोह्यात मीठ तेवढं कमी होतं. मग लिंग डबीतून काढलं, आईच्या एका खणात गुंडाळलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवलं. पुस्तकही तिथेच ठेवून दिलं, अर्धंच वाचून. मला वाटलं, त्याला जे सांगायचं होतं ते मला कळलं. आता पुढे कशाला वाचा? उत्तर मिळालं होतं ना.

डबी मात्र गळ्यातून काढली नाही. अप्पांना काय सांगणार? त्यांना धक्का बसेल. त्यांचं वय झालंय. ते कुठे एवढे शिकलेत. त्यांना हे झेपायचं नाही. अशी कारणं मी स्वतःला देत राहिले आणि ती सगळी मला खरी वाटत होती. लातूरला गेले की पूजेचं नाटक करायचे. भिंतीकडे तोंड करून बसायचे, डावा हात पुढे धरायचा, तो रिकामा. शेजारी अप्पा आपल्या लिंगाकडे बघत बसलेले असायचे. त्यांच्या श्वासाचा आवाज यायचा. मी मनात एकोणीसचा पाढा म्हणायचे, कारण तो संपायला बरोबर तेवढा वेळ लागतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अप्पा दुकानात स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा हंडा काढायला गेले होते, बहात्तराव्या वर्षी. शेजारच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. नवरा म्हणाला, मी मागून येतो, तू निघ. मिळेल ती एसटी धरून मी निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक स्टँडवर ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय असं मला वाटत होतं. चाकूरला मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा. तो म्हणाला, "बाई, मी चहा न्हाई पिऊन राहिलो, गाडीत पाणी घालून राहिलोय." मी माफी मागितली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. गोळा बदलावा लागेल. लवकर केलं तर अप्पा वॉकर धरून का होईना पण चालतील. नाही केलं तर कॉटवरच. आणि या वयात कॉटवर पडलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरली.

सकाळी नऊ वाजता सिस्टर आली. कवळी काढा, अंगठी काढा, करदोडा काढा, गळ्यातलं काढा. अप्पांनी कवळी काढली, अंगठी काढली, करदोडा कापू दिला. गळ्याकडे हात गेला तसा त्यांनी तिचा हात धरला.

"हे न्हाई."

"बाबा, आत काहीच नेता येत नाही."

"मग मलाबी नेऊ नका."

डॉक्टर आले. ते लातूरचेच, त्यांना हे नवीन नव्हतं. पण निर्जंतुक म्हणजे निर्जंतुक, यात सूट नाही, असं ते शांतपणे म्हणाले. अप्पाही शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमचं बरोबर हाय. माझंबी बरोबर हाय. राहू द्या." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धा तास बघू, म्हणाले. त्यांच्या मागे दुसरे पेशंट होते.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. अप्पा छताकडे बघत होते. दुखत असावं, कारण कपाळावर घाम होता. मग म्हणाले, "एक करता यील. म्हाताऱ्या लोकांनी सांगितलेलं हाय. जीवावर बेतलं तर लिंग दुसऱ्या लिंगवंताच्या हातात द्यायचं. खाली ठेवायचं न्हाई. त्यानं तळहातावर धरून बसायचं, माणूस माघारी येईपर्यंत काय खायचं न्हाई, प्यायचं न्हाई. तुझी आई असती तर तिला दिलं असतं. आता तू हायस. तू धर. तुझ्या लिंगाजवळ माझं धर. मग मी जातो आत."

आणि ते हसले, बोळक्या तोंडाने. त्यांचा प्रश्न सुटला होता.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. काय सोपं होतं! "हाव अप्पा" म्हणायचं आणि हात पुढे करायचा. डबीला डबी लागली असती. कुणाला कळलं असतं? अप्पा आत गेले असते, चालायला लागले असते. खरं सांगितलं तर? तर ते म्हणतील, मग कुणाला देऊ? राहू द्या. आणि माझ्या खरं बोलण्याची फेड ते कॉटवर पडून करतील. कोणता शहाणा माणूस अशा वेळी खरं बोलेल?

पण त्या पुस्तकातली एक जागा माझ्या डोक्यातून जाईना. लाल पेनाने खूण केलेली, आणि तेव्हा दुसऱ्यांबद्दल आहे असं वाटून पुढे गेलेली. दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून जो त्याला फसवतो, तो आधी त्याला मनातल्या मनात लहान ठरवून टाकतो, अशा अर्थाचं काही तरी तिथे होतं. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांना काय सांगितलं होतं? तुमचं बरोबर, माझंही बरोबर. त्यांना झेपायचं नाही म्हणून मी ज्यांच्यासमोर सात वर्षं रिकामा हात धरून बसले, तो हा माणूस.

मी म्हटलं, "अप्पा, माझ्या डबीत लिंग न्हाई."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा म्हटलं. मग सगळंच सांगितलं, पुस्तक, पोहे, खण, भिंतीकडे तोंड करून केलेलं नाटक. एकोणीसचा पाढासुद्धा. बोलताना मी रडत होते आणि मला स्वतःचाच राग येत होता, ही काय वेळ आहे का म्हणून. घड्याळात साडेनऊ झाले होते.

अप्पांनी विचारलं, "कुठं हाय ते?"

"नांदेडला. कपाटात."

"टाकून न्हाई दिलंस?"

"न्हाई."

"का?"

मी म्हटलं, "कळत न्हाई, अप्पा."

"हे बरं हाय," ते म्हणाले. "बाकीचं समदं त्या पुस्तकवाल्याचं हाय. हे तेवढं तुझं सोताचं दिसतंय."

ही थोबाडीतच होती. सात वर्षं मला वाटत होतं मी उतरवून लिहिणं बंद केलं. मी फक्त जागा बदलली होती. आधी अप्पांच्या वहीत बघून लिहीत होते, मग त्या पुस्तकवाल्याच्या. आणि हे दहावी नापास झालेल्या, भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाने मला खुबा मोडलेला असताना दाखवून दिलं.

"पाणी दे म्हणलो असतो, पण पाणी बंद हाय," अप्पा म्हणाले. "बस हितं."

मी बसले. मग ते किल्लारीबद्दल बोलायला लागले. भूकंप झाला तेव्हा मी लहान होते. अप्पा चार-पाच दिवस घरी नव्हते एवढंच मला आठवतं, आणि आल्यावर त्यांच्या कपड्यांना येणारा वास. त्याबद्दल ते कधीच बोलत नसत.

"ट्रकात भांडी घालून नेली होती वाटायला. तिथं गेल्यावर भांडी कुणाला सुचतात? समदे उकरून राहिले होते, मीबी उकरायला लागलो. एक हंडा लागला हाताला. माती पुसली तर त्याच्यावर माझं अक्षर. दोन वर्षाआधी लग्नात नाव घालून दिला होता. त्या पोरीचं नाव मीच कोरलं होतं. हंडा चेपलाबी न्हवता. पोरगी..." ते थांबले. "घरी आलो आन् पूजा बंद केली. एक साल. लिंग गळ्यात होतं, पण डबी उघडली न्हाई. तुझ्या आज्याला कळू दिलं न्हाई. मीबी भिंतीकडंच तोंड करून बसायचो."

आमच्या देवघरात तोंड करून बसता येईल अशी एकच भिंत आहे.

"मग परत कशी सुरू केली?"

"एक बाई आली दुकानात. तिकडचीच, पत्र्याच्या शेडात राहणारी. घरातलं कुणी ऱ्हायलं न्हवतं तिचं. एक हंडा घेतला आन् म्हणली, नाव घाला. मी म्हणलो, कुणाचं? म्हणली, माझंच की. दुसरं कुणाचं घालता? लई येळ बसली होती, अक्षर नीट काढा म्हणून. त्या दिशी घरी यिऊन मी डबी उघडली. का, ते मलाबी सांगता येत न्हाई. देवानं काय केलं म्हणून न्हाई उघडली. त्या बाईकडं बघून उघडली."

म्हणजे अप्पांकडे पायऱ्या होत्या. माझ्यासारख्या मास्तरणीला त्या तपासता आल्या नसत्या, त्यांना गुण देता आले नसते, पण त्या होत्या, आणि एकेक त्यांनी स्वतः चढलेली होती. मी त्यांच्या विश्वासाला सवय म्हणून बसले होते. न विचारता, न तपासता. त्या पुस्तकाचा याहून मोठा अपमान कुणी केला नसेल.

सिस्टर दारातून डोकावून गेली. अप्पांनी डोळे मिटले. आता ते नकोच म्हणणार असं मला वाटलं. मी म्हटलं, "अप्पा, आत्याला बोलावू का? उदगीरहून दोन तासांत येईल. डॉक्टरांना मी थांबवते, पाया पडते."

"थांब." त्यांनी डोळे उघडले. "तू लिंग मानत न्हाईस. ठीक हाय. पण मी मानतो, हे तू मानतीस का?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. पुस्तकातही नव्हता, निदान मी वाचलेल्या अर्ध्यात तरी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझं उत्तर कुठेही बघून लिहावं लागलं नाही.

"हाव अप्पा. मानते."

"मग धर."

त्यांनी स्वतः दोरा मानेवरून काढला. मला मदत करू दिली नाही. डबी उघडून लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते गरम होतं, त्यांच्या अंगाचं. मग माझ्या गळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ते काढून ठेव. असंल तर असू दे, नसंल तर नसू दे. रिकामं घालून फिरू नको." मी उजव्या हाताने माझी डबी काढली आणि पर्समध्ये टाकली. दारातून सिस्टरला हाक मारली आणि स्ट्रेचर आलं.

अडीच तास मी बाहेरच्या बाकावर बसले होते, डावा हात मांडीवर, त्यावर उजवा हात झाकणासारखा. मी प्रार्थना केली नाही. ती करायची म्हणजे खोटेपणा झाला असता आणि खोटेपणाचा माझा कोटा संपला होता. मी नुसती धरून बसले. हाताला घाम आला, मुंग्या आल्या. बाथरूमला जायचं होतं, पण हे कुठे ठेवणार? खाली ठेवायचं नाही असं सांगितलेलं. कंधारकडची एक बाई शेजारी होती, तिच्या सासऱ्याचं ऑपरेशन होतं. तिने चहा पुढे केला. मी नको म्हटलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मला वाटतं तिला कळलं. म्हणाली, "लई श्रद्धा हाय बाई तुमची."

मी म्हटलं, "माझी न्हाई. वडलांची हाय. मी धरून बसलेय."

ती म्हणाली, "येकच की."

एकच नाही. पण त्या बाकावर मला वाद घालावासा वाटला नाही, आणि मला वाद घालावासा न वाटणं ही आमच्या घरी बातमी होते.

अप्पा बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. गुंगी उतरल्यावर मी लिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि पुन्हा झोपले. मी पळत बाथरूमला गेले आणि नंतर कँटीनमध्ये तीन इडल्या खाल्ल्या.

त्यानंतर नांदेडला येऊन मी कपाटातून ते पुस्तक काढलं आणि राहिलेलं अर्धं वाचलं. सात वर्षांपूर्वी पुढे वाचलं असतं तर बरं झालं असतं. दोनच प्रकरणं पुढे तो म्हणत होता की नाकारणंही उसनं घेतलेलं असू शकतं, आणि माझं वाचून जर तुम्ही काही सोडलं असेल तर तेही तपासा. मी लाल पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी तिथे खूण केली नाही. दर रविवारी फोनवर मी अप्पांना त्यातलं एखादं पान सोपं करून सांगते. त्यांना काही पटतं, काही पटत नाही. एकदा म्हणाले, "ह्यो माणूस हुशार हाय, पण ह्याच्या घरी कुणी आजारी पडलं न्हवतं वाटतं." दुसऱ्या एका पानाला म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मी अजून काय मानते ते मला नक्की सांगता येत नाही. लिंग खणातच आहे. पण आता मी ते कधी कधी काढून बघते, आणि भिंतीकडे तोंड करून नाही.

तीन महिन्यांनी अप्पा वॉकर धरून घरात फिरायला लागले, तेव्हा त्यांनी जेवण ठेवलं. घरचीच वीस-पंचवीस माणसं आणि मठाचे स्वामी. उदगीरची आत्या, अप्पांची मोठी बहीण, दोन दिवस आधी येऊन बसली होती. आत्या म्हणजे सोवळ्याची राणी. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याने लिंगवंतांच्या पंगतीत बसायचं नाही ही जुनी रीत आता लातुरात कुणी बघत नाही, पण आत्या बघते. मी त्या दिवशी मोठ्या गळ्याचा ब्लाउज घातला होता आणि गळा मोकळा होता. लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी सकाळपासून पदर सारखा पुढे ओढत होते.

पंगत बसली. मी शेवटच्या पाटावर बसले. आत्या हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत वाढत आली, माझ्यापाशी वाकली आणि तशीच थांबली. पळी हातात तशीच.

"लिंग कुठं गं तुझं?"

आवाज हळू नव्हता. सगळी पंगत वळून बघायला लागली. मी उठायला लागले. खरंच उठत होते. भांडण करायचं त्राण नव्हतं आणि अप्पांच्या घरी त्या दिवशी तमाशा नको होता. नवरा मध्ये पडायला तोंड उघडत होता.

अप्पांना खाली बसता येत नव्हतं. नव्या गोळ्याला ते चालत नाही. म्हणून त्यांच्यासाठी पंगतीपासून लांब, दाराशी खुर्ची आणि टेबल मांडलं होतं. तिथून ते म्हणाले, "अक्का, तिचं शोधणं चालू हाय. सापडलं की ती सांगल. न्हाई सापडलं तर तेबी सांगल. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई."

आत्या म्हणाली, "पण पंगतीत..."

"पंगतीत तर मीबी न्हाई," अप्पा म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचं आपलं पान एका बाजूला सरकवलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, "हितं अजून एक खुर्ची टाका."